मोजणीतली माणसं

संपादकांचं म्हणणं होतं की वसई-विरारच्या सेवाभावी मंडळींवरच्या मालिकेत एक लेख ज्यू समाजावर हवा. चर्चवर लिहून झालं, लंगरवर लिहून झालं, आता सिनेगॉगचंही होऊन जाऊ दे. पंचाईत एवढीच की आमच्या पट्ट्यात सिनेगॉगच नाही. मुंबईत जागा परवडेना तशी बेने इस्राएलांची, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंची, काही घरं इकडे सरकली, पण सणावाराला ती ठाण्याला नाहीतर मुंबईलाच जातात. म्हणून मीही ठाण्याची वाट धरली. वसई रोडहून दिव्याला जाणाऱ्या मेमू मोजक्याच. गाडी चुकली की घोडबंदर रोड, आणि घोडबंदर रोडवर किती वेळ जाईल हे ट्रकवाले ठरवतात.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरचं ‘शार हाशामाईम’ सिनेगॉग १८७९ सालचं. २००८च्या नरिमन हाऊसवरच्या हल्ल्यापासून सिनेगॉगांच्या दारात बंदोबस्त असतो, त्यामुळे आधी कळवून गेलेलं बरं. समाजाचा इतिहास पहिल्या चहाबरोबरच ऐकायला मिळतो. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. गावावरून आडनावं पडली: केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. हे सगळं पुष्कळांनी लिहिलं आहे. मला अडकवून ठेवलं ते ‘मिन्यान’ने.

सार्वजनिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. दहा झाले की मिन्यान झालं. नऊ जमले तर सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, कपाटातून काढून वाचता येत नाही, मृतासाठी ‘कद्दिश’ ही प्रार्थना म्हणता येत नाही. नऊ विद्वान असले तरी अडतं आणि दहावा अगदी अडाणी असला तरी चालतं. त्याने काही करायचं नसतं, नुसतं हजर राहायचं असतं. सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर वह्यावाटप नाहीतर रक्तदान शिबिर येतं. इथे एक निवृत्त बँक कर्मचारी आठवड्यातला बराच वेळ फोनवर घालवतात, आणि कशासाठी, तर कोणीतरी येऊन उभं राहावं म्हणून. सगळे त्यांना ‘अंकल’च म्हणतात. गुडघा कोणाचा दुखतो, कोणाला शनिवारी रजा मिळत नाही, कोण मुलाकडे इस्रायलात अश्दोदला गेलाय, हे त्यांना तोंडपाठ आहे.

या मोजणीचा खरा कस मयताच्या वेळी लागतो. ज्यू रीतीप्रमाणे दफन शक्य तितक्या लवकर, शक्यतो त्याच दिवशी. शनिवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस, तेव्हा दफन नाही, आणि शनिवार सुरू होतो शुक्रवारच्या सूर्यास्ताला. त्यामुळे शुक्रवारी दुपारी कोणी गेलं तर हॉस्पिटलचं बिल, डॉक्टरचा दाखला, गाडी, दफनभूमी आणि दहा माणसं हे सगळं मावळतीच्या आत जुळवायचं, नाहीतर थेट रविवारवर जातं. अंकलच्या भाषेत, “शुक्रवारचं मयत म्हणजे तलाठी, हमाल आणि हझ्झान (प्रार्थना चालवणारा) तिन्ही मीच.”

देहाला स्नान घालणं हे मात्र स्वयंसेवकांचं काम, पुरुषांना पुरुष आणि बायकांना बायका. बायकांकडचं काम पाहणाऱ्या आंटींनी मला ते सांगितलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या आणि सांगून होईपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. देह पूर्ण उघडा करायचा नाही. जेवढा भाग धुवायचा तेवढाच. त्याच्यावरून इकडून तिकडे तांब्या किंवा टॉवेल द्यायचा नाही, वळसा घालून जायचं. इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या नाहीत. साधं पांढरं वस्त्र, त्याला खिसा नाही. आणि सगळं झालं की तिचं नाव घेऊन माफी मागायची: आमच्या हातून काही चुकलं असेल, तुझा मान राहिला नसेल, तर क्षमा कर. “मराठीतच मागतो,” आंटी म्हणाल्या, “तिला हिब्रू कुठे येत होतं?”

तोरामध्ये याकोबाने आपल्या मुलाला, योसेफाला, आपल्या दफनाची गळ घातली, त्या प्रसंगावर जुन्या भाष्यकारांनी लिहून ठेवलंय की मेलेल्यावर केलेला उपकार तेवढा खरा, कारण त्याची परतफेड होण्याची आशाच नसते.

समाज भरात होता तेव्हा या मंडळींनी पुष्कळ उभं केलं. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत शाळा काढली. पुढे हाँगकाँगच्या कदूरी घराण्याची देणगी मिळाली आणि ती सर एली कदूरी शाळा झाली. १९०५ला मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन यांनी तिथे १९२२ ते १९५० मुख्याध्यापकी केली. आज त्या शाळेतली बहुतेक मुलं ज्यू नाहीत. अशा वेळी ‘ऱ्हास’ हा शब्द चटकन ओठांवर येतो, पण मला तो पटत नाही. शाळा चालू आहे आणि माझगावची मुलं तिथे शिकताहेत.

समाजातल्या बायकांचं ‘स्त्री मंडळ’ १९१३चं. त्याच्याबद्दल विचारलं की डॉ. जेरुशा झिराड यांचं नाव निघतंच, आणि मग मला बाकीचं बाजूला ठेवावं लागतं. मोठी बहीण आजारी पडली आणि कामा हॉस्पिटलमध्ये डॉ. ॲनेट बेन्सन यांनी तिला वाचवलं, तेव्हा अकरा वर्षांच्या जेरुशाने ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं आणि याच हॉस्पिटलात यायचं. ग्रँट मेडिकल, मग लंडन, १९१९ला एम.डी. आणि १९२८ ते १९४७ त्या कामा हॉस्पिटलच्या अधीक्षक होत्या. मुंबईत बाळंतपणात बायका का दगावतात याचा त्यांनी पद्धतशीर तपास केला. आपल्याकडे तेव्हा अशा मृत्यूचा दोष नशिबाला देऊन लोक मोकळे व्हायचे. या बाईंनी एकेक मृत्यू मोजायला घेतला. १९६६ला पद्मश्री मिळाली.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, ती इथे महत्त्वाची. लंडनला असताना लिली मॉण्टेग्यू यांच्या उदारमतवादी ज्यू चळवळीशी त्यांचा संबंध आला होता. १९२५ला त्यांनी मुंबईत ‘ज्युईश रिलिजस युनियन’ सुरू करायला पुढाकार घेतला. ‘रोदेफ शालोम’ सिनेगॉग त्यातूनच झालं. पुरुष खाली, बायका वरच्या सज्जात ही रीत तिथे नाही, सगळे एकत्र बसतात. या पंथात मिन्यानसाठी बाईही मोजली जाते.

ज्यू धर्मपंडित मैमोनिदेसने बाराव्या शतकात दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सगळ्यांत वरची पायरी भिक्षेची नाही. माणसाला कर्ज द्या, भागीत घ्या, काम द्या, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. वसईकराला हे समजावून सांगायला नको. मॉन्सेनियर पी. जे. मोनीस यांनी १९१८ला बेसिन कॅथलिक बँक काढली ती सावकाराच्या तावडीतून आपली माणसं सोडवण्यासाठीच. ज्यू समाजात हे काम १९६०च्या दशकात वरळीच्या ‘ओआरटी’ या ज्यू संस्थेने धंदेशिक्षण देऊन केलं. ‘जॉइंट’ ही अमेरिकी संस्था १९६४पासून इथल्या गरजू वृद्धांना मदत करते आहे. तर पैसा न्यूयॉर्कहून येऊ शकतो. दहावा माणूस येऊ शकत नाही.

१९५१च्या जनगणनेत देशात सव्वीस हजारांवर ज्यू होते. २०११मध्ये ४,६५०, त्यांपैकी महाराष्ट्रात २,४६६. कोणी त्यांना हाकललं नाही, हे ते स्वतःच दर वेळी अगत्याने सांगतात. ते इस्रायलला गेले. तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी मासिक काढतात, महाराष्ट्र दिन साजरा करतात. मागे राहिलेल्यांत म्हातारे जास्त, म्हणजे ज्यांना सेवा लागते ते वाढले आणि करणारे घटले. २०१६ला राज्य सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याने दाखले सोपे झाले असतील, पण सरकारी ठरावाने कद्दिशला माणूस उभा राहत नाही.

त्यात अंतराची भर. जुनी वस्ती उमरखाडी, भायखळा, आग्रीपाड्याची. सिनेगॉग पायी पोहोचता येईल असं. शनिवारी वाहनात बसायचं नाही, मग विरारहून सकाळी पायी कोण कुठे जाणार? खासगी नोकरीत शनिवार कामाचा. नालासोपाऱ्यात शुक्रवारी दुपारी कोणी गेलं तर वरळीची दफनभूमी गाठायला गाडीला हायवे आणि माणसांना महालक्ष्मीपर्यंतची लोकल, तीही संध्याकाळच्या आत. अंकलचं वय आता सत्तरीच्या पुढे. त्यांच्यानंतर फोन कोण करणार, हे मी विचारलं. त्यांनी एका तरुणाचं नाव घेतलं आणि लगेच म्हणाले, त्याच्याही कागदपत्रांचं चाललंय.

मला विचाराल तर बायकांना मोजावं. डॉ. झिराड यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलेलं दार उघडंच आहे. अंकलना ते मान्य नाही. नियम आपल्या सोयीने वाकवला की तो नियम राहत नाही, असं ते म्हणतात, आणि त्यांच्या बोलण्यात तिरस्कार नव्हता, भीती होती. आंटी मध्ये पडल्या नाहीत. मग अंकलनी आपली वही दाखवली. मिन्यानच्या यादीत सगळी पुरुषांची नावं, बरीचशी खोडलेली. मागच्या पानावर दुसरी यादी: रात्री-अपरात्री बोलावलं तर गाडी घेऊन कोण येतं. तिच्यात पाचांपैकी तिघी बायका आहेत आणि पहिलं नाव आंटींचं.