जास्त गुण, वाईट निकाल

परीक्षेत जास्त गुण मिळाले की पेढे वाटतात. स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर गणित उलटं असतं. गुण वाढले की ग्रेड वाढते, आणि वरची ग्रेड म्हणजे जास्त आक्रमक पेशी. हे गुण सुईने ओढलेल्या पेशींनाही देतात आणि काढलेल्या तुकड्यालाही. पेपर मात्र वेगळे!

सुईचा पेपर १८ गुणांचा. बारीक सुईने पेशी ओढून तपासण्याला एफएनएसी म्हणतात; तिची सुई साध्या इंजेक्शनच्या सुईइतकीच बारीक. ती गाठीत काही वेळा पुढे-मागे केली की जेमतेम थेंबभर ऐवज हाती लागतो. तो काचेवर ठेवून दुसऱ्या काचेने अलगद पसरवायचा. एक काच हवेत वाळवतात, दुसरी ओली असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवतात. या दुसऱ्या काचेसाठी क्षणांचा हिशेब असतो, कारण वाळलेली पेशी चपटी होते आणि तिचं केंद्रक आहे त्याहून मोठं दिसतं.

रॉबिन्सन यांच्या १९९४ च्या पद्धतीत सहा गोष्टी पाहतात: पेशी एकमेकींना धरून आहेत की विखुरल्यात, आकार केवढा, सगळ्या सारख्या आहेत का, केंद्रकाची कड गुळगुळीत की खाचाखोचांची, आतलं क्रोमॅटिन (गुणसूत्रांचं द्रव्य) कसं, केंद्रिका (केंद्रकातला ठिपका) ठळक आहे का. प्रत्येकीला १ ते ३ गुण. ११ पर्यंत पहिली ग्रेड, १२ ते १४ दुसरी, १५ पासून तिसरी.

तुकड्याचा पेपर ९ गुणांचा. फॉर्मलिनमध्ये मुरवून, मेणात बसवून त्याचे केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ काप काढतात. त्यांना जांभळा रंग देणारं हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतं. त्याच लाकडाने पूर्वी कापड रंगवत!

तुकड्याला गुण देण्याच्या पद्धतीमागे चिकाटी केवढी! लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १९५७ साली १४०९ केसेसचा अभ्यास मांडला. त्यातल्या ३५९ जणींचा पाठपुरावा तब्बल १५ वर्षांचा होता. १९९१ मध्ये नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी निकष नेमके केले: पेशी नळीसारखी रचना किती करतात, केंद्रकं किती बिघडलीत आणि किती पेशी विभागताना सापडतात. ५ पर्यंत पहिली ग्रेड, ६-७ दुसरी, ८-९ तिसरी.

मग दोन्ही निकाल जुळतात का? बऱ्याचदा जुळतात, आणि चुकले तर बहुधा एका पायरीने. सुईची तपासणी म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. शीत खरंच बोलतं, पण सुईत पेशी सुट्या होऊन येतात, त्यामुळे मुळातली नळ्यांची रचना नीट कळत नाही. कॅन्सर दुग्धनलिकेच्या आतच आहे की भिंत फोडून बाहेर पडलाय, हेही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी तुकडाच लागतो. म्हणून आज जाड सुईने तुकडा काढणाऱ्या कोअर बायोप्सीवर भर असतो. उपचार ठरवायला लागणाऱ्या ईआर, पीआर, हर-टू या तपासण्याही त्याच तुकड्यावर होतात. तरी झटपट आणि स्वस्तात पहिला अंदाज देणाऱ्या बारीक सुईला मी कमी लेखणार नाही.

आणखी एक गल्लत घरोघरी होते. ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे. ग्रेड पेशींचा स्वभाव सांगते, स्टेज कॅन्सर कुठवर पोचलाय ते. तिसरी ग्रेड वाचून ‘थर्ड स्टेज’ समजू नका. ग्रेड सुईवरून दिली की तुकड्यावरून, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीने गाठ अंगावर काढू नका.