चिनी ड्रॅगन आणि अजिंठ्याचा नागराज

हैदराबादच्या नामपल्ली भागात ‘बाग-ए-आम’ या नावाने ओळखले जाणारे एक जुने सार्वजनिक उद्यान आहे. निजामी राजवटीत तेथे पुराणवस्तूंचे संग्रहालय उभे राहिले. त्या संग्रहालयाच्या एका दालनात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती पाहावयास मिळतात. १९५६ पर्यंत अजिंठ्याची लेणी हैदराबाद राज्यात मोडत होती. गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली त्या राज्याच्या पुरातत्त्व खात्याने लेण्यांची निगा राखली आणि चित्रांचे ग्रंथ प्रसिद्ध केले. मराठवाड्यातील कडेकपारीतली ही चित्रसृष्टी तेलंगणाच्या राजधानीत भेटते ती या संबंधामुळे.

या चित्रसृष्टीत एक पात्र पुन:पुन्हा येते. त्याचा देह माणसाचा, मुकुट राजाचा आणि मस्तकामागे उभारलेला फणा सापाचा. हा नागराज होय. पहिल्या लेण्यातील शंखपाल आणि चांपेय्य या जातककथा नागराजांच्याच आहेत. १९ व्या लेण्याबाहेर नागराज आपल्या राणीसह शिलेत बसलेला आहे. १६ व्या लेण्याच्या पायऱ्यांशीही त्याची मूर्ती आहे, आणि वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याच्या तेथील शिलालेखात नागेंद्राच्या निवासाचा उल्लेख आहे. चीनच्या ड्रॅगनचा विचार करू पाहणाऱ्या मराठी माणसाला या नागराजापासून आरंभ करता येतो. कारण चिनी पंडितांनी स्वत:च या दोघांची गाठ घालून दिली आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे होऊ लागली. त्या वेळी ‘नाग’ या शब्दाला प्रतिशब्द कोणता द्यावा, हा प्रश्न भाषांतरकारांपुढे आला. चिनी भाषेत सापाला निराळा शब्द होता. तो न घेता त्यांनी ‘लुंग’ हा शब्द निवडला. ज्याला युरोपीय लोक ड्रॅगन म्हणतात, त्याचेच हे चिनी नाव. आपल्या दक्षिणेशी ज्याचे नाव निगडित आहे, त्या आचार्य नागार्जुनाचे चिनी नाव ‘लुंग-शू’ असे झाले. त्याचा शब्दश: अर्थ ड्रॅगन-वृक्ष. नागलोकातून त्याने महायानाचे गूढ ग्रंथ आणले, ही कथा चीनमध्ये सागरतळीच्या ड्रॅगनच्या प्रासादाची कथा म्हणून सांगितली गेली. सातव्या शतकात ह्युएनत्संग भारतात आला आणि दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. त्याने वर्णिलेला डोंगरातील विहार अजिंठ्याचाच असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या प्रवासवर्णनात गोपाल नागाची आणि अशा इतर नागांची कथा येते, तेथेही चिनी वाचकाला ‘लुंग’च भेटतो.

म्हणून चीनचा ड्रॅगन भारतातून गेला, असे मात्र समजू नये. तो त्या भूमीत फार पूर्वीपासून आहे. हेनान प्रांतात पुयांग येथे १९८७ मध्ये एका थडग्यात मृताच्या एका बाजूस शिंपल्यांनी रचलेली ड्रॅगनसारखी आकृती आणि दुसऱ्या बाजूस वाघाची आकृती सापडली. ती सहा हजार वर्षांहून जुनी आहे. ईशान्येकडील हुंगशान संस्कृतीत हिरव्या मणिपाषाणाचे वेटोळे घातलेले ड्रॅगन कोरीत असत. त्यांना सुमारे पाच हजार वर्षे झाली. शांग राजांच्या काळी हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर प्रश्न कोरून भविष्य पाहत. त्या लेखांत ‘लुंग’चे चिन्ह आहे. बौद्ध धर्म तेथे पोहोचला तेव्हा या प्राण्याला काही हजार वर्षांचे वय झालेले होते.

त्याचे रूप अनेक प्राण्यांचे अवयव एकत्र येऊन बनले आहे. परंपरेने त्याची नऊ साम्ये सांगितली आहेत: शिंगे हरणाची, मस्तक उंटाचे, मान सापाची, खवले माशाचे, नखे गरुडाची, पंजे वाघाचे, कान बैलाचे, याप्रमाणे. पाठीवरील खवल्यांची संख्या ८१ मानतात, म्हणजे नवाची नऊपट. चिनी गणनेत विषम अंक तेजाचे व पौरुषाचे आणि नऊ हा त्यांतील सर्वांत मोठा. त्याला बहुधा पंख नसतात, तरी तो आकाशात संचार करतो. त्याच्या श्वासातून ज्वाळा निघत नाहीत, ढग निघतात. इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन याने रचलेल्या शब्दकोशात त्याच्याविषयी महत्त्वाची गोष्ट नोंदविली आहे: तो वसंतसंपाताला आकाशात चढतो आणि शरदसंपाताला खोल पाण्यात उतरतो.

या विधानाचा उलगडा आकाशाकडे पाहिले म्हणजे होतो. चिनी ज्योतिषात आकाशाचे चार भाग कल्पिले असून पूर्वेकडील भाग हिरव्या-निळ्या ड्रॅगनचा आहे. आपल्या नक्षत्रांच्या भाषेत सांगावयाचे तर त्याचे शिंग म्हणजे चित्रा, हृदय म्हणजे ज्येष्ठेची लाल तारका आणि शेपूट म्हणजे मूळ. वसंताच्या आरंभी रात्र पडल्यावर चित्रा पूर्व क्षितिजावर येते, मागोमाग उरलेला देह वर येऊ लागतो. शरद ऋतूत हाच तारकासमूह सूर्याबरोबर मावळून दिसेनासा होतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने या दोन घटनांच्या मध्ये पेरणी, पाऊस आणि पीक येते. म्हणून आपल्या फाल्गुनाच्या सुमारास येणाऱ्या चिनी दुसऱ्या महिन्याच्या द्वितीयेला ‘ड्रॅगन मस्तक उचलतो’ असे म्हणतात. त्या दिवशी बायका सुई हाती धरीत नसत. सुईचे टोक ड्रॅगनच्या डोळ्यात जाईल, ही भीती. नागपंचमीला नांगर न धरणाऱ्या आणि विळीवर चिरणे टाळणाऱ्या मराठी घरांना या निषेधाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

ड्रॅगनचे मुख्य काम पाऊस पाडण्याचे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या तुंग चुंग-शू या पंडिताच्या नावे असलेल्या ग्रंथात, अवर्षणात मातीचे ड्रॅगन करून पाऊस मागण्याचा विधी दिला आहे. पुढे बौद्ध ग्रंथांतील नागराजांच्या कल्पनेशी या समजुतीची सांगड बसली आणि चारी समुद्रांचे चार ड्रॅगनराजे लोकमानसात स्थिर झाले. गावोगावी त्यांची देवळे झाली. पाऊस आला नाही तर मूर्ती देवळाबाहेर काढून उन्हात ठेवीत. आपली पिके कशी करपत आहेत, हे देवाला स्वत:च्या अंगावर कळावे, हा त्यातील हेतू. आपल्याकडेही पाऊस ओढ देतो तेव्हा धोंडी काढतात, काही गावी महादेवाला पाण्यात कोंडतात. दुष्काळात देवाशी भांडण्याचा हक्क दोन्हीकडच्या कुणब्यांनी सारखाच मानला आहे.

पाणी देणारा पाणी उधळूही शकतो, याची जाणीव चिनी माणसाला होतीच. नद्यांचे पूर आणि सागरावरील वादळे ड्रॅगनच्या कोपाने येतात, असे समजत. परंतु महापूर ओसरविणाऱ्या यू राजाच्या कथेत एक ड्रॅगन शेपटीने जमिनीवर रेषा ओढून पाण्याला वाट दाखवितो. असे सामर्थ्य राजाला हवेसे वाटावे, यात नवल नाही. हान घराण्याचा संस्थापक ल्यू पांग याचा जन्म ड्रॅगनच्या कृपेने झाला, असे त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवले. पुढे सम्राटाचे सिंहासन ते ड्रॅगनासन आणि त्याचा झगा तो ड्रॅगनाचा, असे झाले. पाच नखांचा ड्रॅगन सम्राटासाठी राखून ठेवला गेला; इतरांनी चार नखांवर समाधान मानावे, असा दंडक होता. शेवटच्या राजघराण्याच्या पिवळ्या ध्वजावरही तोच होता. १९१२ मध्ये बालसम्राटाने राज्यत्याग केला आणि तो ध्वज उतरला. ड्रॅगन मात्र राजवाड्याबाहेर जनतेत पूर्वीपासूनच वावरत होता. पीत नदीतील एक मासा ड्रॅगनद्वाराचा धबधबा उडी मारून ओलांडतो आणि ड्रॅगन होतो, अशी कथा आहे. गरिबाचा मुलगा राजसेवेची कठीण परीक्षा उत्तीर्ण झाला की त्याला हीच उपमा देत.

आता युरोपच्या ड्रॅगनकडे वळावे. ग्रीक ‘द्राकोन’ या शब्दापासून निघालेले हे नाव गुहेत धन राखीत बसणाऱ्या, आग ओकणाऱ्या, संत जॉर्जच्या भाल्याने मरणाऱ्या राक्षसी प्राण्याचे आहे. बायबलच्या अखेरच्या ग्रंथात तर सैतानच ड्रॅगनच्या रूपाने येतो. युरोपीय प्रवासी आणि धर्मोपदेशक चीनमध्ये गेले, तेव्हा खवले असलेला लांबट प्राणी पाहून त्यांनी त्याला आपल्याकडचे नाव दिले. उलट दिशेने, बायबलच्या चिनी भाषांतरात सैतानाच्या रूपाला ‘लुंग’ हा शब्द आला. पर्जन्यदाता आणि सैतान असे एकाच नावाखाली आले.

हा दोष केवळ कोशातला राहिलेला नाही. १९६२ च्या युद्धाने भारतीय मनावर खोल जखम केली. त्यानंतर आपल्या मथळ्यांत आणि व्यंगचित्रांत चीन म्हणजे आग ओकणारा, विळखा घालणारा ड्रॅगन ही प्रतिमा रूढ झाली. राज्यांमधील वैराची कारणे खरी असतात आणि त्यांचा विचार कठोरपणेच झाला पाहिजे. परंतु शेजाऱ्याने आपल्या मंगलतेसाठी योजलेले चिन्ह आपण त्याच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून वाचू लागलो, तर त्याच्या मनाविषयी आपला अंदाज चुकण्याचा संभव वाढतो. शिवाय ते वाचण्यासाठी वापरलेली भाषा ना आपली ना त्याची. २०२४ हे चिनी गणनेप्रमाणे ड्रॅगनचे वर्ष होते. त्या वेळी चीनमधील इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘ड्रॅगन’ टाळून ‘लूंग’ हे रूप ठिकठिकाणी वापरले, ते याच गैरसमजावर उपाय म्हणून. त्याच वर्षी तेथे ९५ लाख ४० हजार बालके जन्मली. आदल्या वर्षी हा आकडा ९० लाख २० हजार होता. या वाढीची जी कारणे सांगितली गेली, त्यांत या वर्षी जन्मलेले मूल भाग्यवान ठरते ही समजूतही होती. ज्याला लोक भितात, त्याच्या वर्षी अपत्य व्हावे अशी इच्छा कोणी धरीत नाही.

चिनी प्राचीन वाङ्मयात एका सरदाराची गोष्ट आहे. त्याला ड्रॅगनचे फार वेड. खांबांवर, भिंतींवर, भांड्यांवर त्याने ड्रॅगन कोरून घेतले. हे ऐकून खरा ड्रॅगन त्याला भेटावयास आला आणि खिडकीतून त्याने मान आत घातली, तेव्हा सरदार पांढराफटक पडून पळत सुटला. नावावर किंवा चित्रावर प्रेम करणे निराळे आणि वस्तू ओळखणे निराळे, हे त्याचे तात्पर्य. नावाच्या द्वेषालाही ते लागू पडते.

भारतीय नाग आणि चिनी ‘लुंग’ एकरूप नाहीत. नाग पाताळात राहतो, लुंग आकाशात चढतो. नागाला फणा आहे, लुंगाला शिंगे आणि पाय आहेत. तरी दोघेही पाण्याचे धनी, दोघांचीही पूजा शेतीच्या ऋतूशी बांधलेली आणि दोघांचाही कोप टाळण्यासाठी लोक जपतात. ज्या भाषांतरकारांनी हे साम्य ओळखले, त्यांच्यापाशी मूर्ती नव्हत्या, छायाचित्रे नव्हती. बहुधा ग्रंथ आणि भिक्षूंच्या तोंडची वर्णने एवढेच होते. नामपल्लीच्या दालनात उभे राहणाऱ्या आजच्या प्रेक्षकासमोर फणाधारी नागराजांची सृष्टी साक्षात आहे. तेथून चीनच्या ड्रॅगनपर्यंतची वाट युरोपला वळसा न घालताही जाता येते.