जायफळाच्या बेटावरचा पक्ष

श्रीखंडात आपण जे जायफळ किसून घालतो, ते ग्रेनेडा देशाच्या राष्ट्रध्वजावर आहे. कॅरिबियन समुद्रातला हा देश जेमतेम लाखभर वस्तीचा. मर्ल कॉलिन्स यांची 'एंजल' ही कादंबरी वाचताना मला तिथल्या 'न्यू ज्युएल मूव्हमेंट' या डाव्या पक्षाची ओळख झाली. कादंबरी संपली, पण एक प्रश्न काही डोक्यातून जाईना. लोकांचा एवढा लाडका पक्ष सत्तेवर आल्यानंतर साडेचार वर्षांत संपला कसा?

सुरुवात एरिक गेरी यांच्यापासून करावी लागते. १९५१ साली मळ्यांतल्या मजुरांचा संप उभारून ते पुढारी झाले. सत्ता हातात आल्यावर मात्र त्यांनी विरोधकांना धाकात ठेवायला गुंड पाळले. त्यांच्याविरुद्ध मार्च १९७३ मध्ये दोन गट एकत्र आले आणि हा पक्ष जन्मला. एक गट खेड्यांत काम करणारा, तर दुसऱ्याची मागणी होती की कारभार गावोगावच्या लोकसभांनी चालवावा. मॉरिस बिशप हे तरुण वकील नेते झाले. पुढच्याच जानेवारीत त्यांचे वडील रुपर्ट पोलिसांच्या गोळीला बळी पडले.

१३ मार्च १९७९ ला गेरी परदेशात असताना पक्षाने लष्करी छावणी आणि रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं. लोक खूश होते. प्रौढांसाठी साक्षरता वर्ग निघाले, बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा आला, क्युबाच्या मदतीने नवा विमानतळ बांधायला घेतला. पण कबूल केलेली निवडणूक काही झाली नाही. विरोधी वर्तमानपत्र बंद पडलं, कितीतरी माणसं खटल्याविना तुरुंगात राहिली.

मग पक्षातच फूट पडली. सप्टेंबर १९८३ मध्ये मध्यवर्ती समितीने ठरवलं, की बिशप आणि बर्नार्ड कोर्ड यांनी मिळून नेतृत्व करावं. बिशप आधी हो म्हणाले, नंतर त्यांनी फेरविचार मागितला. त्यांना घरातच नजरकैदेत ठेवण्यात आलं. १९ ऑक्टोबरला हजारो लोकांनी जाऊन त्यांना सोडवलं आणि किल्ल्यावर नेलं. तिथे सैनिक आले. बिशप, शिक्षणमंत्री जॅकलिन क्रेफ्ट आणि इतर काही सहकाऱ्यांना भिंतीपाशी उभं करून गोळ्या घातल्या. त्या किल्ल्याला क्रांतीनंतर नाव दिलं होतं रुपर्ट, बिशपच्या वडिलांचं! सहाच दिवसांनी अमेरिकेचं सैन्य बेटावर उतरलं.

अमेरिका आली तेव्हा पक्ष आतून कोसळलेलाच होता. लोकसभांची भाषा बोलत वाढलेल्या या पक्षाने नेता कोण हा प्रश्न बंद खोलीत सोडवला. बिशपच्या बाजूने रस्त्यावर आलेल्या हजारोंना कुणी विचारलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, निवडणूक टाळून बिशप यांनीही ते विचारणं लांबवलंच होतं.

२००९ पासून तो विमानतळ बिशप यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा मृतदेह अजून सापडलेला नाही. 'एंजल' कुठे मिळाली, तर जरूर वाचा.