घाट उतरताना ‘डी’ पुरत नाही

मीरा रोडच्या शांती नगरात उतार शोधायला गेलं तर सोसायटीच्या गेटासमोरचा गतिरोधकच सापडेल. खाडी आणि मिठागरांच्या शेजारचा हा सगळा सपाट भाग. इथली ऑटोमॅटिक गाडी ‘डी’वर निघते, ‘डी’वरच परत येते. लिव्हरशेजारची ‘एम’, ‘एल’ ही अक्षरं शोभेपुरती.

रविवारी लोणावळ्याला निघालं की आधी गाठ पडते घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटाशी. ट्रेलरमागे मुंगीच्या पावलांनी चढताना गिअरबॉक्स पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घुटमळतो आणि गाडी हिसके देते. अशा वेळी ‘एम’मध्ये, म्हणजे हाताने गिअर निवडून, पहिला गिअर धरून ठेवावा. सेलेरिओ गाडीमुळे 2014 पासून मध्यमवर्गात रुळलेल्या एएमटी गिअरबॉक्समध्ये क्लच प्लेट नेहमीचीच असते, फक्त ती पायाऐवजी यंत्र दाबतं. त्यामुळे चढावर थांबायचं तर ब्रेक दाबून थांबावं; अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की प्लेट जळू लागते.

खरी परीक्षा परतीच्या बोरघाटात. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की ‘डी’मधल्या गिअरबॉक्सला वाटतं, चालक निवांत आहे; मग पेट्रोल वाचवायला गिअरबॉक्स वरचा गिअर टाकतो. पुढचं वळण तुम्हाला दिसतं, त्याला नाही. काही नव्या गाड्या उतार ओळखतात, पण तेवढ्यावर विसंबू नये. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा अटकाव कमी होतो, गाडी पळत सुटते आणि पाय ब्रेकवरून हटत नाही. माणसांसकट 1200 किलोची गाडी 500 मीटर खाली येते, तेव्हा सुटणाऱ्या ऊर्जेत 15-20 लिटर पाणी उकळीला येईल. थोडी ऊर्जा वारा आणि टायर खातात, बाकीची ब्रेकच्या माथी. ब्रेक फार तापले तर पकड कमी होते. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल मऊ पडतं.

म्हणून उतार सुरू होण्याआधीच ‘एम’ घेऊन तिसरा, गरज पडली तर दुसरा गिअर टाकावा. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्यातच उतरा, हा ट्रक ड्रायव्हरांचा जुना हिशेब इथेही लागू पडतो. सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ किंवा ‘एस’ हेच काम करतात. इंजिन ओरडू लागलं की मागच्या सीटवरून हमखास विचारणा होते, पण काटा लाल पट्ट्याच्या खाली असेपर्यंत त्या आवाजाला घाबरायचं कारण नाही. वेगाच्या मानाने फारच खालचा गिअर मागितलात तर गिअरबॉक्स तो देतच नाही.

पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे महाभाग अजून आहेत. आजच्या इंजिनात गिअर टाकलेला असताना पाय उचलला की इंधन बहुतेक वेळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं जळत राहतं. म्हणजे अटकावही गेला आणि पेट्रोलही.

पावसाळ्यात गिअर एकदम दोन पायऱ्या उतरवू नका, चाकं घसरू शकतात. आणखी एक: इंजिनाने वेग कमी झाला तरी पेट्रोल-डिझेल गाडीचे मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागे गाडी चिकटून येत असेल तर ब्रेकला हलकेच पाय लावून तिला कळू द्या.