मोटारगाडीतील मापक : यांत्रिक की वैद्युत?

गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा हे वैनगंगेच्या तीरावरील स्थान त्याच्या देवालयसमूहामुळे अभ्यासकांस परिचित आहे. प्रस्तुत लेखाचा विषय शिल्प नसून वाहतूक आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेस चामोर्शीकडून येणाऱ्या रस्त्यावर एस. टी.च्या गाड्या, जीपगाड्या आणि माणसांनी भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर यांची दाटी होते. भार पूर्ण, वेग अत्यल्प, इंजिन खालच्या गिअरमध्ये, आणि रेडिएटरवर समोरून येणारा वारा जवळजवळ नाही, अशी ही अवस्था असते. इंजिनास ती मोठी कष्टाची होय. अशा वेळी इंजिनाच्या आत काय चालले आहे हे चालकास डॅशबोर्डावरील दोन-तीन काट्यांवरूनच कळते. हे काटे नळीतून आलेल्या दाबाने हलावेत की तारेतून आलेल्या प्रवाहाने, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु इंजिन वाचते की बसते हे काही प्रसंगी त्याच्या उत्तरावर ठरते.

नव्या मोटारगाड्यांपुरता हा प्रश्न आता उरलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली, आणि तत्पूर्वीच इंजिनाचे नियंत्रण बहुतांशी संगणकाकडे गेले होते. त्या गाड्यांत काटा दाखवितो ती संगणकाने दिलेली संख्या. पुष्कळ गाड्यांत तर तापमानाचा काटा मधल्या विस्तृत पट्ट्यात मुद्दामच स्थिर ठेवलेला असतो, म्हणजे चालकाचे मन अकारण अस्वस्थ होऊ नये! तथापि जुन्या जीपगाड्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल मोटारी, ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप चालविणारी इंजिने यांचा वापर चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात अद्याप आहे, व त्यांचे मापक बदलावयाची वेळ आली की दुकानदार दोन्ही प्रकार पुढे ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचा फलक या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत ज्या जीपगाड्यांची जुळणी आरंभिली त्या याच कुळातल्या. युद्धकालीन जीपच्या फलकावर पाच मापक असत. वेगमापक फिरत्या केबलने चाले, तेलाचा दाब थेट नळीने येई, पाण्याचे तापमान केशिका नळीने कळे, पेट्रोलची पातळी मात्र विद्युतेने दर्शविली जाई, आणि पाचवा विद्युत्प्रवाहमापक, ज्यास चालक अँमीटर म्हणतात. म्हणजे त्या गाडीच्या रचनाकारांनी एका पक्षाचा कैवार घेतला नव्हता. प्रत्येक राशीस सोयीचे साधन त्यांनी स्वतंत्रपणे निवडले होते, आणि आजही विचाराची तीच रीत योग्य होय.

यांत्रिक दाबमापकाचे मूळ फ्रेंच यंत्रज्ञ यूजेन बूर्दाँ याने १८४९ मध्ये पेटंट घेतलेल्या नळीत आहे. चपट्या छेदाची व चापासारखी वाकविलेली धातूची नळी एका टोकास बंद असते. आत दाब वाढला की तिचा छेद गोलाकार होऊ पाहतो आणि नळी सरळ होण्याचा प्रयत्न करते. बंद टोकाचे हे अल्प चलन दातेरी चक्रांनी मोठे करून काट्यास दिले जाते. इंजिनाचे तेल बारीक तांब्याच्या नळीतून थेट डॅशबोर्डाच्या मागे येते. बॅटरी नाही, तार नाही, संवेदक नाही. दाब पडला की काटा तत्काळ पडतो.

यांत्रिक तापमापकात तेच तत्त्व एका वळणाने येते. इंजिनाच्या पाण्यात बुडविलेल्या फुग्यात ईथरासारखे बाष्पनशील द्रव असते. त्याचा बाष्पदाब केशिका नळीतून बूर्दाँच्या नळीस पोचतो. हा दाब फुग्यातील द्रवाच्या पृष्ठभागाच्या तापमानावर अवलंबून असल्याने वाटेतील केशिका किती तापली यास फारसे महत्त्व राहत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, त्या वेळी हा गुण लहान म्हणता येणार नाही. शिवाय बाष्पदाब तापमानाबरोबर उत्तरोत्तर वेगाने वाढत असल्याने मापकाच्या वरच्या टोकास खुणा एकमेकींपासून दूर पडतात, म्हणजे जेथे अचूकता हवी तेथेच ती मिळते. दोष एवढाच की केशिका एकदा पिचली किंवा तुटली की द्रव निघून जाते आणि सबंध मापक फेकावा लागतो. आलापल्लीच्याच काय, चंद्रपूरच्या कारखान्यातही तो सहसा दुरुस्त होत नाही.

वैद्युत मापकांत इंजिनावर बसविलेला संवेदक स्वतःचा रोध बदलतो आणि फलकावरील मापक त्या रोधाचे चलन काट्याने दाखवितो. मापकाचे दोन प्रकार प्रचारात आहेत. एकात द्विधातूची पट्टी प्रवाहाने तापून वाकते. हा मंदगती असतो, पण खडबडीत रस्त्यावर त्याचा काटा थरथरत नाही. त्यास स्थिर विभव लागतो, म्हणून जोडीला एक स्थिरक दिलेला असतो. इंधन व तापमान यांचे दोन्ही काटे एकाच वेळी अवाजवी चढले तर अशा गाडीत इंजिनाआधी स्थिरकाचा संशय घ्यावा. दुसऱ्या प्रकारात दोन वा तीन वेटोळ्यांच्या चुंबकीय क्षेत्रांचा समतोल काट्याची दिशा ठरवितो. तेथे बॅटरीचा विभव थोडा कमी-अधिक झाला तरी दोन्ही क्षेत्रे एकाच प्रमाणात बदलतात व वाचन फारसे ढळत नाही.

येथवरची तुलना कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल, आणि ती बहुधा अचूकतेच्या प्रश्नावर येऊन थांबते. वस्तुतः रस्त्यावरील गाडीत दोन-तीन अंशांच्या अचूकतेने फारसे काही अडत नाही. अडते ते मापक बिघडल्यावर. बिघडलेला काटा कोणत्या दिशेस जातो? तो धोक्याकडे गेला तर चालक थांबतो, पाहतो, आणि फार तर अर्धा तास वाया जातो. तो निर्धास्तपणाकडे गेला तर चालक गाडी हाकीत राहतो.

तेलाच्या दाबाच्या बाबतीत यांत्रिक मापक या कसोटीस उतरतो. नळी फुटली तर काटा शून्यावर येतो, म्हणजे मापक खोटे बोलला तरी सावधगिरीच्या बाजूने बोलतो. वैद्युत मापकांत मात्र चमत्कारिक स्थिती आहे. अमेरिकी पद्धतीच्या संवेदकाचा रोध दाब नसताना सुमारे २४० ओहम व पूर्ण दाबास सुमारे ३३ ओहम असतो. युरोपात रूढ असलेल्या एका पद्धतीत तो दाब नसताना सुमारे १० ओहम आणि पूर्ण दाबास सुमारे १८० ओहम असतो. आता तार तुटली असे समजा. तुटलेल्या तारेचा रोध अनंत. पहिल्या पद्धतीत काटा शून्याकडे पडेल, दुसरीत तो पूर्ण दाबाच्याही पलीकडे जाऊन बसेल! बाहेरून पाहता दोन्ही मापक सारखे, तबकडी सारखी, किंमतही जवळपास तीच. परंतु एक संकटाची वर्दी देतो आणि दुसरा संकट लपवितो. संवेदक एका पद्धतीचा व मापक दुसऱ्या पद्धतीचा असा बेमेळ जोडला गेला तर काटा चक्क उलटा चालतो, हेही येथेच नमूद करणे इष्ट.

तापमानाच्या बाबतीत दोन्ही पक्ष सारखेच दोषी आहेत. केशिका फुटली तर दाब जातो आणि काटा थंड दाखवितो. वैद्युत संवेदक हा थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढेल तसा त्याचा रोध घटतो. तार तुटली की अनंत रोध, म्हणजे पुन्हा थंड. याहून वाईट असा एक प्रसंग दोघांसही समान आहे. रबरी नळी फुटून पाणी गेले की फुगा किंवा संवेदक पाण्याबाहेर उघडा पडतो, आणि इंजिन प्रत्यक्षात जळू लागले असता काटा खाली येऊ शकतो.

थर्मिस्टराच्या संबंधात एक गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहण्याजोगे आहे. संवेदकाचा परतीचा मार्ग इंजिनाच्या धातूतून व तेथून सांगाड्यास जोडलेल्या पट्टीतून जातो. यासच कारागीर अर्थिंग म्हणतात. समजा, १०० अंशांस ५० ओहम आणि ४० अंशांस सुमारे ३०० ओहम रोध असलेला थर्मिस्टर आहे, व अर्थिंगच्या जोडावर गंज चढून १० ओहमांचा जादा रोध आला आहे. प्रत्यक्ष तापमान ४० अंश असता काटा सुमारे ३९ दाखवील. ही चूक कोणाच्या ध्यानातही येणार नाही. प्रत्यक्ष १०० अंश असता मात्र तो सुमारे ९३ दाखवील. म्हणजे तोच गंज थंड इंजिनात एका अंशाची आणि तापलेल्या इंजिनात सात अंशांची चूक करतो, आणि ती नेमकी निर्धास्तपणाच्या दिशेने. सकाळी फाटकातून गाडी काढताना केलेल्या पाहणीत हा दोष सापडत नाही याचे कारण येथे आहे.

गंजाचा हा मुद्दा या प्रदेशात पुस्तकी राहत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होण्याचे प्रसंग वारंवार येतात, आणि पूर ओसरल्यावर गाड्या चिखलापाण्यातून काढल्या जातात. सांगाड्याच्या जोडांत ओल शिरते. पुढे उन्हाळ्यात तेथेच लाल धूळ बसते. उंदीर तारांची वेष्टने कुरतडतात ती वेगळीच. यांत्रिक पक्षासही येथे सुख नाही. सततच्या हादऱ्यांनी तांब्याची नळी कठीण होत जाते आणि जोडाजवळ तडकते. मग उकळते तेल चालकाच्या पायांवर येते, आणि वेळीच ध्यानात न आल्यास इंजिनाचे तेल संपते. नळीस जोडाजवळ दोन-तीन वेटोळी देणे व पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे बसविणे हा यावरचा जुना व स्वस्त उपाय होय. तांब्याऐवजी नायलॉनची नळी वापरावयाची तर ती धुराड्याच्या नळीपासून दूर न्यावी. मनुष्यवस्ती विरळ असलेल्या मार्गावर कोठेही मिळणारी तार जोडता येते, केशिका जोडता येत नाही, ही गोष्ट वैद्युत मापकाच्या बाजूने मोजावी लागते. कमलापूरच्या हत्तींनी सागाचे ओंडके ओढताना असा कोणताच प्रश्न उपस्थित केला नव्हता, पण तो काळ वेगळा.

बॅटरीपासूनचे स्वातंत्र्य हा यांत्रिक मापकाचा गुण नेहमी सांगितला जातो. तो खरा आहे, परंतु त्याची किंमत इंजिनाच्या जातीवर ठरते. पेट्रोल इंजिनात ठिणगीसाठी वीज लागते. बॅटरी व डायनॅमो दोन्ही निकामी झाले की इंजिनच बंद पडते, मग काटा हलला काय आणि न हलला काय. जुने यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन मात्र एकदा सुरू झाले की विजेवाचून चालत राहते, उतारावर ढकलूनही सुरू होते. अशी गाडी मृत बॅटरीने एटापल्लीहून आलापल्लीस येऊ शकते, आणि त्या प्रवासात वैद्युत मापक आंधळे असतात. सबब हा गुण डिझेल इंजिनासाठी मोलाचा व पेट्रोल इंजिनासाठी जवळजवळ निरर्थक ठरतो. ज्या डिझेल पंपावर विजेने उघडी राहणारी झडप आहे तोही येथे पेट्रोलच्याच पंक्तीस बसतो.

या सर्व विचारातून वनप्रदेशातील जुन्या डिझेल गाडीसाठी निवड काहीशी अशी होते. तेलाच्या दाबासाठी यांत्रिक मापक घ्यावा. वैद्युतच घ्यावयाचा झाल्यास तार तुटल्यावर शून्य दाखविणारा घ्यावा, आणि दुकानातच तार क्षणभर सोडवून याची परीक्षा करावी. तापमानासाठी वैद्युत मापक पत्करावा, कारण तो दुरुस्त होतो. मात्र संवेदकास सांगाड्यापर्यंत स्वतंत्र अर्थिंगची तार द्यावी, आणि इंजिनाच्या माथ्याच्या धातूवर बसणारी स्वतंत्र तापकळ लावून तिच्यावर तांबडा दिवा जोडावा, म्हणजे पाणी गेल्यावरही एक साक्षीदार उरतो. कळ दाबून तो दिवा दररोज पेटवून पाहण्याची सोय नसेल तर तोही यथाकाल मुका होईल.

अँमीटर काढून त्याजागी व्होल्टमीटर बसवावा. अँमीटरमधून गाडीचा सर्व भारप्रवाह डॅशबोर्डापर्यंत आणावा लागतो. डायनॅमोच्या काळी हे निभावले, अल्टरनेटरच्या मोठ्या प्रवाहास तेथील एखादा सैल जोड आग लागण्यास पुरेसा आहे. व्होल्टमीटरास नगण्य प्रवाह पुरतो. इंजिन बंद असता १२.६ व चालू असता १४ व्होल्टांच्या आसपास काटा दिसला की बॅटरी व भारण दोन्ही ठीक समजावीत, आणि इतर वैद्युत काट्यांवर कितपत विश्वास ठेवावा हेही त्यावरूनच कळते. इंधनाचा मापक व्यवहारात वैद्युतच मिळतो. टाकीतील तरंगता दांडा पूर्णपणे विश्वसनीय नसतो. ज्या जुन्या टाकीचे तोंड सरळ खाली उतरते तेथे खुणा केलेली बांबूची पट्टी सोबत ठेवण्याची जुनी चाल सोडण्याचे कारण नाही.