विश्लेषण : फोमचे बाण खरेच सुरक्षित असतात का?

जर्मनीतील ब्रोकेलो या गावाजवळ उन्हाळ्यात काही दिवसांसाठी एक काल्पनिक जग उभे राहते. तंबू, झेंडे, चिलखते आणि हजारो हौशी ‘योद्धे’ तिथे जमतात. ‘कॉन्क्वेस्ट ऑफ मिथोडिया’ हा २००४पासूनचा मेळा. इथल्या तलवारी फोमच्या असतात, कुऱ्हाडीही फोमच्या. पण धनुष्य मात्र खरे असते. समोरच्या जिवंत माणसावर बाण सोडायचा आणि त्याला इजा होऊ द्यायची नाही, हे कसे साधते?

लार्प म्हणजे काय?

‘लाइव्ह ॲक्शन रोल प्ले’ या नावाचे लघुरूप म्हणजे लार्प. खेळाडू एखादे पात्र घेतात, तसा पोशाख करतात आणि कथा प्रत्यक्ष जगतात. अमेरिकेत वॉशिंग्टन परिसरात १९७७मध्ये ‘डॅगोरहिर’ हा लढाईचा खेळ सुरू झाला. ब्रिटनमध्ये १९८२मध्ये चेशायरमधील पेकफोर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ सुरू झाले. पुढे युरोपभर असे मेळे भरू लागले. बहुतेक ठिकाणी खेळाडू चेहऱ्यावर जाळी किंवा मुखवटा लावत नाहीत. त्यामुळे सुरक्षेचा भार बाणाच्या टोकावर येतो.

धोका नेमका कुठे?

सर्वाधिक धोका डोळ्याला. प्रौढ माणसाच्या डोळ्याच्या खोबणीचे तोंड साधारण ४ सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर उंच असते. बाणाचे टोक याहून मोठे असेल तर ते कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर अडते, बुबुळापर्यंत पूर्ण जोराने पोहोचत नाही. म्हणूनच टोकाचा व्यास साधारण ५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त हवा, असा नियम बहुतेक आयोजक लावतात. अमेरिकेतील काही गट अडीच इंचांचा आग्रह धरतात.

मोठ्या टोकाचा दुसरा फायदा दाबाचा. सरावाच्या साध्या बाणाचे टोक सुमारे ८ मिलिमीटर व्यासाचे असते. ५ सेंटिमीटरच्या टोकाचे क्षेत्रफळ त्याच्या जवळपास ४० पट भरते. शिवाय फोम दबताना बाण थांबायला थोडा जास्त वेळ लागतो आणि धक्का सौम्य होतो.

बाण कसा तयार होतो?

दांडा फायबरग्लासचा किंवा लाकडाचा घेतात. कार्बनचा दांडा तुटला की त्याचे धारदार तंतू निघतात, म्हणून अनेक आयोजक तो टाळतात. लाकडी दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळली तर मोडल्यावर त्याच्या ढलप्या उडत नाहीत.

धातूचे टोक काढून दांड्याचा शेंडा सपाट करतात. त्यावर दांड्यापेक्षा बरीच रुंद चकती पक्की बसवतात. हा सर्वांत महत्त्वाचा भाग. फोम कितीही जाड असला तरी बारीक दांडा वारंवारच्या माऱ्याने तो आतून पोखरत पुढे सरकतो. चकती त्याला अडवते. चकतीभोवती घट्ट फोम आणि पुढे मऊ फोमचा जाड थर येतो. सगळ्यावर कापडी आवरण घालून ते दांड्याला बांधतात.

टोकाच्या पुढच्या बाजूला चिकटपट्टीचे वेढे देणे ही नवख्यांची नेहमीची चूक. फोम दबायचा तर त्यातली हवा बाहेर पडायला हवी. पट्टीने तोंड बंद केले की मऊ टोक दगडासारखे लागते.

पिसेही केवळ शोभेची नसतात. ती नसतील तर पुढून जड असलेला बाण हवेत आडवा होतो आणि टोकाऐवजी उघडा दांडा लागतो.

धनुष्यावर मर्यादा का?

बाणाची ऊर्जा धनुष्यातून येते. धनुष्य २८ इंच ताणले असता लागणारा जोर ३० पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे साडेतेरा किलोपेक्षा जास्त नसावा, ही प्रचलित मर्यादा आहे. ऑलिम्पिकमधील पुरुष तिरंदाजांची धनुष्ये साधारण ४५ ते ५० पौंडांची असतात. कप्प्या लावलेल्या कम्पाउंड धनुष्याला तर सहसा परवानगीच नसते. काही गट बाणावर २८ इंचांवर अडथळा बसवायला लावतात. त्यामुळे उंच, लांब हातांच्या खेळाडूलाही बाण त्यापलीकडे ओढता येत नाही.

मैदानावर नियम कोणते?

डोक्यावर आणि गळ्यावर नेम धरायचा नाही. समोरचा जवळ असेल तर धनुष्य अर्धेच ताणायचे. फारच जवळ असेल तर बाण सोडायचाच नाही. धनुष्य किंवा बाण हातात धरून वार करायचा नाही. जमिनीवर पडलेला बाण कोणीही उचलून सोडायचा नाही. तो तपासण्याचे काम तिरंदाजाचे.

बाण निकामी कधी समजावा?

मेळ्याच्या सुरुवातीला तपासणी होते. पण सकाळी उत्तीर्ण झालेला बाण दुपारी कोणाच्या तरी बुटाखाली येऊ शकतो. म्हणून प्रत्येक वेळी बाण सोडण्याआधी चार गोष्टी पाहायच्या : टोक ओढून आणि पिळून हलते का, अंगठ्याने दाबल्यावर आतली चकती टोचते का, दांडा हलका वाकवल्यावर चिरकल्याचा आवाज येतो का, प्रत्यंचेवर बसणारी खाच फुटली आहे का. यातील एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर तो बाण बाजूला. भिजलेला फोम जड होतो, म्हणून पावसात अधिक काळजी घ्यावी लागते.

आपल्याकडे याचा उपयोग काय?

लार्प आपल्याकडे रुजलेले नाही. पण फोमच्या टोकाच्या बाणांचा ‘आर्चरी टॅग’ हा खेळ सहलींच्या ठिकाणी दिसू लागला आहे. तिथे मुखवटा दिला जातो, तो खेळ संपेपर्यंत काढू नये. टोक सैल वाटले तर बाण बदलून मागावा.

दसऱ्याच्या दिवसांत आणि जत्रेत मिळणाऱ्या खेळण्यातल्या धनुष्यबाणाचीही हीच गोष्ट आहे. त्याच्या टोकावरची रबरी टोपी दोन दिवसांत निघते आणि मुलांच्या हातात उरते ती नुसती काडी. काडीचे टोक डोळ्याच्या खोबणीत सहज शिरते. टोपी निघालेला बाण पुन्हा चिकटवत बसण्यापेक्षा टाकून द्यावा. आणि डोळ्याला मार लागलाच, तर तो न चोळता, घरगुती उपाय न करता लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवावा.