‘एमआर’ म्हणजे नेमकं काय?

गेल्या जूनमधली गोष्ट. सकाळी साडेआठलाच चाकणच्या एका मशीन शॉपच्या मालकांचा फोन आला. “ताई, आजच्या आज येता का? पोरानं नवीन स्क्रीन लावलीय. ती म्हणतेय आपण बुडतोय.”

मी रावेतला राहते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं भोसरी, तळवडे, चाकणच्या छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहिते. माझ्याकडचे बहुतेक कारखाने जॉबवर्कवाले. मोठ्या कंपनीकडून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, हे त्याचं मशीनिंग करतात, मजुरी लावतात आणि माल परत पाठवतात. मी गाडी काढली आणि भक्ती-शक्ती चौक, तळवडे करत चाकण गाठलं. तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर गेला, तेवढ्या वेळात मालकांचे आणखी तीन फोन.

ऑफिसच्या भिंतीवर टीव्हीएवढा पडदा. मुलगा इंजिनिअर, हौशी आणि हुशारही. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमधला डेटा उचलून त्यानं रंगीत आलेख बनवले होते. विक्री हिरवी, खर्च निळा आणि मधोमध रिजेक्शनचा लाल खांब, आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट उंचीचा. मालक दोन ऑपरेटरना घरी पाठवायच्या तयारीत होते.

मी बेरीज तपासली. बरोबर होती. मग डेबिट नोटांची, म्हणजे नापास मालापोटी गिऱ्हाइकानं पैसे कापल्याच्या चिठ्ठ्यांची, फाइल मागवली. शेरा बहुतेक सगळ्यांवर एकच, ‘एमआर’. क्लार्कनं प्रत्येक एमआर ‘रिजेक्शन’ खात्यात टाकला होता आणि संगणकानं इमानदारीत त्यांची बेरीज केली होती.

स्टोअरमधले मामा चहा घेऊन उभे होते. त्यांनी वरच्या दोन नोटा उचलल्या. “ताई, ह्या कंपनीचा एमआर म्हणजे मशीनिंग रिजेक्शन. चूक आपली. ह्या दुसऱ्या कंपनीचा एमआर म्हणजे मटेरिअल रिजेक्शन. कास्टिंगमध्येच ब्लोहोल, चूक फाउंड्रीची. दुसरी कंपनी आपल्याकडं गेल्याच वर्षी आली ना?”

खोलीत कोणीच बोलेना. ब्लोहोल म्हणजे कास्टिंगच्या पोटातली हवेची पोकळी. बाहेरून ती दिसत नाही, कटर आत शिरल्यावर उघडी पडते. म्हणजे तो नग वाया जातो तो आमच्या मशीनवर, पण आमच्यामुळं नाही. उलट तोवर झालेल्या कामाची मजुरी मागायचा आपला हक्क असतो. पडद्यावर जे नुकसान म्हणून उभं होतं, त्यातला मोठा भाग खरं तर न मागितलेली मजुरी होती. हे मामांना ठाऊक होतं. संगणकाला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी १९९७ च्या सुमाराला भोसरीत कामाला लागले, तेव्हा लाल कापडाच्या बांधणीची खातेवही असायची. रोजकीर्दीतून खतावणी आणि खतावणीवरून ताळेबंद. आकड्याशेजारी तपशील लिहायचाच, तो नसेल तर जुने मुनीम वही परत फेकायचे. टॅलीतही ‘नॅरेशन’चा रकाना आहे. पण तो वाचतो माणूस. यंत्र वाचतं खात्याचं नाव आणि रक्कम. वह्या पडद्यावर आल्या तेव्हा आकडे सगळे आले, आणि त्यांचा अर्थ मात्र मामांच्या डोक्यातच राहून गेला.

कोणत्याही आकड्याला चार प्रश्न विचारावे लागतात. हा कशाचा? कोणाचा? कधीचा? कोणत्या मापात? ‘४२’ एवढंच सांगितलं तर काहीच कळत नाही. ४२ लाख रुपये, आमच्या शॉपची मजुरी, एप्रिल ते जून, हे कळल्यावर त्याचा हिशेब होतो. ही चार उत्तरं यंत्राला वाचता येतील अशा रीतीनं आकड्याला कायमची चिकटवायची, यालाच संगणकवाले ‘सिमँटिक’ काम म्हणतात. नाव भारी, काम मामांचं.

मोठ्या कंपन्यांसाठी हे फार आधी सुरू झालं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातले चार्ल्स हॉफमन हे हिशेबनीस. १९९८ मध्ये त्यांनी कल्पना मांडली की ताळेबंदातल्या प्रत्येक आकड्याला ओळखीची चिठ्ठी लावावी. त्यातून ‘एक्सबीआरएल’ ही पद्धत उभी राहिली. तिच्यात आकडा एकटा फिरत नाही. संकल्पना कोणती, कंपनी कोणती, काळ कोणता, एकक कोणतं, हे सगळं बरोबर घेऊन येतो. काळातही फरक केलेला असतो. विक्री ही वर्षभराची, तर हातातली रोकड एका दिवसाची, ३१ मार्चची. आपल्याकडं कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०१०-११ च्या हिशेबांपासून शेअर बाजारात नोंदलेल्या आणि ठरावीक आकाराच्या इतर कंपन्यांना या पद्धतीनं ताळेबंद भरायला लावले. कोणत्या शब्दाचा अर्थ काय, याचा एक मोठा कोश त्यासाठी तयार झाला. त्याला ‘टॅक्सॉनॉमी’ म्हणतात.

शब्द बांधून घेणं आपल्या मातीला नवं नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. रघुनाथपंत हणमंत्यांच्या नावावर असलेल्या त्या कोशात कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. दहा वर्गांपैकी एक वर्ग लेखनाचा. महाराजांचा हेतू वेगळा होता हे खरं, पण दप्तरातला शब्द ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडायचा नाही, एवढं तेव्हाही कळलं होतं.

नुसता कोड लावला की अर्थ आला, असं मात्र समजू नका. त्याचा नमुना आमच्या रावेतच्या शेजारीच आहे. आकुर्डीच्या बजाज ऑटोचा कंपनी नोंदणी क्रमांक तिच्या अहवालांवर छापलेला असतो: एल६५९९३पीएन२००७पीएलसी१३००७६. यातला ‘एल’ म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, ‘पीएन’ म्हणजे पुण्याच्या निबंधकाकडची, ‘२००७’ हे स्थापनेचं साल आणि ‘६५’नं सुरू होणारा आकडा उद्योगाचा. तो उद्योग आहे वित्तव्यवहाराचा! फक्त क्रमांक वाचणारा संगणक म्हणेल, ही २००७ मध्ये निघालेली पैशाच्या धंद्यातली कंपनी. आकुर्डीतलं शाळकरी पोरही यावर हसेल. कारण साधं आहे. बजाजची फेररचना झाली तेव्हा वाहनांचा व्यवसाय नव्या कंपनीत आला. ती स्थापन झाली होती गुंतवणूक कंपनी म्हणून. पुढं नावं बदलली, क्रमांकातला आकडा तसाच राहिला. कोड खोटा नाही. तो जन्माच्या वेळची गोष्ट सांगतो, आजची नाही. ‘कधीचा?’ हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

छोट्या कारखान्यांपर्यंत ही शिस्त आली ती जीएसटीमुळं. तिथं प्रत्येक वस्तूला कोड ठरलेला. चारचाकीचा सुटा भाग ८७०८ मध्ये, दुचाकीचा ८७१४ मध्ये, पण साधा बोल्ट कोणत्याही गाडीला लागो, तो ७३१८ मध्येच. मापांचीही यादी ठरलेली आहे, नग, किलो वगैरे. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांपासून ई-इन्व्हॉइस सुरू झालं, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरचे बहुतेक त्यात आले. तेव्हा आमच्या मालकांनी कपाळाला हात लावला होता. पण या बिलाचा प्रत्येक रकाना ठरलेल्या साच्यातला असतो, त्यामुळं चाकणचं बिल चेन्नईच्या संगणकाला न विचारता समजतं.

तरी सरकारचा कोश सरकारच्या कामाचा. त्याला कर किती हे हवं असतं. ब्लोहोल कोणाचा, हे तो विचारत नाही. तो कोश आपला आपणच लिहायचा.

त्या दिवशी आम्ही तो लिहिला. मालक, त्यांचा मुलगा, क्लार्क, मामा आणि मी. एका फुलस्केप कागदावर. एमआर हा शब्द बाद. ‘आमची चूक’ आणि ‘मालाची चूक’ अशी दोन वेगळी खाती. दुरुस्त होऊन गेलेला नग म्हणजे रीवर्क, तो रिजेक्शन नव्हे. मार्चच्या मालाची डेबिट नोट एप्रिलमध्ये आली तरी आलेखात मोजायची मार्चलाच. कास्टिंग नगात, भंगार किलोत, दोन्ही एका खांबात टाकायचं नाही. कूलंटची तर तीन खाती निघाली: ‘कूलंट’, ‘कटिंग ऑइल’ आणि नुसतंच ‘तेल’. शेवटच्या खात्यात क्लार्कनं जनरेटरचं डिझेलही घातलं होतं. प्रत्येक ओळीपुढं लिहिलं, हे कोण ठरवणार. अर्ध्याहून जास्त ओळींपुढं मामांचं नाव आलं.

मुलानं आठवड्याभरात त्या कागदाप्रमाणं मांडणी बदलली. लाल खांबाचे दोन झाले. आमच्या चुकीचा होता आदल्या वर्षीएवढाच. दुसरा घेऊन मालक गिऱ्हाइकाकडं गेले आणि थकलेली मजुरी मागून आले. सगळी नाही मिळाली, पण बोलणं सुरू झालं. ऑपरेटर दोघंही कामावर आहेत.

अलीकडं आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरनाही याची जाण आली आहे. मायक्रोसॉफ्टनं पॉवर बीआयमधल्या ‘डेटासेट’चं नाव २०२३ मध्ये बदलून ‘सिमँटिक मॉडेल’ केलं. आता तर संगणकाला साध्या बोलीत विचारता येतं, “या महिन्यात नुकसान किती?” उत्तर झटकन येतं. पण ‘नुकसान’ कशाला म्हणायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर ते झटकन आलेलं चुकीचं उत्तर असतं, आणि पडद्यावर छान दिसतं म्हणून त्यावर विश्वासही लवकर बसतो.

म्हणून कारखानदारांना माझी एकच विनंती. पडदा खुशाल घ्या, पण त्याआधी एक दुपार काढा. स्टोअरमधल्या, डिस्पॅचमधल्या जुन्या माणसाला खुर्ची द्या, चहा द्या आणि आपल्या वीस-पंचवीस शब्दांचे अर्थ कागदावर लिहून घ्या. आमचे मामा येत्या मार्चमध्ये निवृत्त होताहेत. तो कागद स्टोअरच्या दारामागं चिकटवलेला आहे.